हुडाखालचे स्पीकर

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार (दसरा)

सकाळपासून दुकानासमोर ट्रॅक्टर उभे. रेडिएटरच्या जाळीला झेंडूच्या माळा, बॉनेटवर हळदी-कुंकवाची बोटं, मोठ्या चाकाखाली लिंबू. पूजा उरकली की प्रत्येकाचं माझ्याकडे एकच काम: टेप बसवायचा, नाहीतर पावसाळाभर गप्प पडलेला टेप बोलता करायचा. खर्डा, दिघोळ, सोनेगाव, तेलंगशी, शिवेपलीकडची भूम तालुक्यातली गावं, सगळीकडचे ट्रॅक्टर दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन निघतात. कुणी सांगलीकडे, कुणी कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. मग हंगाम संपेपर्यंत ड्रायव्हरचा मुक्काम त्या लोखंडी सीटवर. फडात मोळ्या भरून होईपर्यंत बसायचं, दोन ट्रॉल्या ओढत कारखाना गाठायचा, काट्यापुढे नंबर लागेपर्यंत परत बसायचं. खेपा बहुतेक रात्रीच्या.

म्हणून टेपला चैन म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. रात्री अडीचला भरल्या ट्रॉल्या घेऊन सायकलच्या वेगानं चाललेल्या माणसाला जागं ठेवायला दुसरं आहे काय? तंबाखू आणि गाणं. त्यातलं गाणं बरं.

बसवण्याचं काम तसं ठरलेलं आहे. पिवळी वायर कायम बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थची. पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी आणि प्रत्येकीची काळ्या पट्ट्याची जोडीदारीण. सेट कुठल्याही कंपनीचा असो, हे रंग सहसा बदलत नाहीत. सेटचं तोंडही ठरलेलं, १८० मिलिमीटर रुंद आणि ५० उंच. हे माप जर्मनांनी घालून दिलं आणि जगानं घेतलं. ट्रॅक्टरला मात्र डॅशबोर्ड नाही, म्हणून मडगार्डवर पत्र्याची पेटी करून सेट तिच्यात बसवायचा.

आज प्रत्येकाला एक गोष्ट बजावून सांगितली. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावरच पाहिजे, सेटजवळ नको. मधली वायर पत्र्याला घासून उघडी पडली तर सेटजवळचा फ्यूज काही करू शकत नाही, वायर तापून पेटते. आणि खाली सगळीकडे पाचट असतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. दुकानात मात्र चर्चा वॅटची.

बाळगव्हाणचा एक पोरगा शहरातून सेट घेऊन आला होता. खोक्यावर भला मोठा आकडा. म्हणाला, “मिस्तरी, एवढ्या वॅटला माझे जुने स्पीकर फुटतील का?” त्याला स्टुलावर बसवलं आणि वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडून दाखवला.

इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्टपर्यंत दाब येतो. स्पीकर ४ ओहमचा. सेटच्या आतली चिप या दाबाच्या पलीकडे जाऊ शकत नाही, तो तिच्या डोक्यावरचा पत्रा. १४.४ चा वर्ग २०७, त्याला आठानं भागा, २६. म्हणजे एका स्पीकरला जास्तीत जास्त २६ वॅट, आणि तेही काहीच वाया जात नाही असं धरलं तर. प्रत्यक्षात अठरा-वीस मिळाले तरी सेट चांगला म्हणायचा. खोक्यावरचा आकडा कितीही असो, बॅटरी तीच आहे. याच्यापुढे जायचं तर वेगळा अँप लागतो, जो आतल्या आत दाब वाढवून घेतो आणि तेवढाच जास्त करंट बॅटरीतून ओढतो.

पोरगं हिरमुसलं. मग त्याला दुसरा हिशेब सांगितला, तो जास्त कामाचा. वॅट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम कळतो. कानाला दुप्पट वाटायला दहा डेसिबल पाहिजेत, म्हणजे दहापट वॅट. तेव्हा वॅटच्या मागं पैसे घालण्यात अर्थ नाही. तेवढ्याच पैशात चांगल्या कागदाचा आणि जड मॅग्नेटचा स्पीकर येतो, एका वॅटला दोन-तीन डेसिबल जास्त देणारा. म्हणजे सेट न बदलता वॅट दुप्पट झाले.

आणि आवाज फाटतो तो स्पीकरच्या दोषानं नव्हे. चिपचं डोकं त्या पत्र्याला आपटलं की लाटेचा माथा सपाट होतो. तो सपाट माथाच ट्विटर जाळतो. म्हणून कमी वॅटचा सेट पूर्ण पिळून वाजवला तरी ट्विटर जातात, हे गिऱ्हाइकाला पटवणं सगळ्यात अवघड.

२६ ऑक्टोबर, शनिवार

पहाटे स्टँडकडे गेलो तर जामखेडला जाणाऱ्या गाडीत हरिपाठ लागलेला. बाबामहाराज सातारकर जाऊन आज वर्ष झालं. त्यांचा आवाज या रस्त्यावर ज्यांनी पोचवला ते काळी-पिवळीवाले.

दुकान टाकलं तेव्हा कॅसेटचा जमाना होता आणि कमांडर, ट्रॅक्स या गाड्यांचा. एसटीला टेप नव्हता. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-नगर अशी धावली याचा आम्हा नगरकरांना अभिमान, पण एसटीत ऐकायला मिळायचं ते खिडक्यांच्या काचांचं. काळी-पिवळीत गाणं असायचं. दोन गाड्या नंबरला उभ्या असल्या तर माणसं टेपवाल्या गाडीत चढायची, हे मालकांनाही कळलं. गाडी नवी असो की जुनी, तिची पहिली दुरुस्ती टेपची व्हायची.

आणि कॅसेट लावायचाही क्रम होता, तो आजही पेन ड्राइव्हवर टिकून आहे. पहिली खेप देवाची: हरिपाठ, नाहीतर प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी. ऊन चढलं की हिंदी. दुपारी गाडी रिकामी असली की ड्रायव्हरच्या मनाचं, मग ती भीमगीतं असोत, लावणी असो, नाहीतर आनंद शिंद्यांची ठसक्याची लोकगीतं. सांजच्याला बाजार करून निघालेल्या बायका बसल्या की पुन्हा भक्तिगीत, कुणी न सांगता. गाडीत कोण बसलंय हे बघून गाणं बदलणारा ड्रायव्हर मला नेहमी मोठा वाटत आला. ऐकणाऱ्याचा एवढा विचार कुठल्या यंत्राला सुचत नाही.

कॅसेट फिलिप्सनं १९६३ मध्ये काढली आणि १९६८ मध्ये मोटारीत बसणारा तिचा टेप आणला. आपल्याकडं ती खरी पसरली १९८० च्या दशकात, टी-सिरीजनं भाव पाडले तेव्हा. त्या स्वस्ताईतच मराठी गायकांना कॅसेटचं दार उघडलं. मोठ्या कंपन्यांच्या तबकडीवर ज्यांना जागा मिळाली नसती, असे कितीतरी शाहीर, भारूडवाले, गोंधळी कॅसेटवर आले आणि जीपच्या टेपवर गावोगाव फिरले. रेडिओनं त्यांना एवढं फिरवलं नाही, हे नोंदवून ठेवलं पाहिजे.

पण कॅसेटसाठी जीप ही वाईट जागा. फीत पावणेचार मिलिमीटर रुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणार आणि वरून आमच्या रस्त्याची धूळ. हेडवर धुळीचा थर बसला की आधी वरचे स्वर जायचे, झांज, घुंगरू, ‘स’ आणि ‘श’. ड्रायव्हर म्हणायचा, “गळा बसलाय बघा.” स्पिरिटचा बोळा फिरवला की गळा मोकळा. उन्हाळ्यात डॅशबोर्डवर ठेवलेल्या कॅसेटचं प्लॅस्टिक वाकडं व्हायचं, त्याला मात्र इलाज नव्हता.

५ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊबीज झाली आणि टोळ्या निघाल्या. ट्रॉलीत संसार: पत्रे, बांबू, पाण्याचे बॅरल, पिठाचे डबे, कोंबड्या, त्यावर माणसं, लेकरं. शाळेच्या वयाची पोरं बघितली की पोटात कालवतं. ती गोष्ट वेगळी लिहायची आहे. आज आवाजाचं लिहितो.

दिघोळच्या एका ड्रायव्हरचा ट्रॅक्टर शेवटचा राहिला होता. त्याला हवे होते मागच्या बाजूला तोंड केलेले दोन बॉक्स आणि वर दोन भोंगे, गेल्या वर्षी सोबत्याच्या ट्रॅक्टरला होते तसे. मी म्हणालो, “दादा, गाणं कुणासाठी लावतोस? तुझ्यासाठी का मागच्या गाडीवाल्यासाठी?” तो म्हणाला, “माझ्यासाठीच की. पण इंजनापुढं ऐकूच येत न्हाई.”

त्याचं खरं होतं. फोनवर आवाज मोजायचं ॲप आहे, अंदाजापुरतं बरं. ड्रायव्हरच्या कानाजवळ धरून रेस दिली तर आकडा नव्वदच्या वर. याच्यावर गाणं ऐकू यायचं तर ते आणखी मोठं पाहिजे. आणि अडचण नुसती मोठेपणाची नाही. तीन सिलिंडरचं इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेतं तेव्हा त्यात सेकंदाला ४५ स्फोट होतात. ढोलकीचा घुमारा, बेस गिटार, डीजे मिक्समधला दणका, सगळं त्याच आसपास, ४० ते ८० हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे इंजिन नेमका बेस खातं. ड्रायव्हर बेस वाढवतो, इंजिन तोही खातं, मग व्हॉल्यूम. शेवटी चार मैलांवरच्या गावाला ऐकू जातं आणि त्याला स्वतःला मात्र चिरकाच ऐकू येतो.

मग मी त्याला म्हणालो, एक रात्र माझं ऐक. हुडाच्या पत्र्याला आतून, त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना, कानापासून दोन फुटांवर चार इंची दोन स्पीकर बसवले. तोंड त्याच्याकडे. मागं गोणपाटाऐवजी लाकडी पेटी, म्हणजे स्पीकरच्या पाठचा आवाज पुढच्याला मारत नाही. अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल फुकट मिळतात. आठ फुटांवरचा बॉक्स दोन फुटांवर आणला म्हणजे बारा. आठ फुटांवर ८० वॅटनं जे होतं ते दोन फुटांवर पाच वॅटनं होतं. बेस थोडा कमीच ठेवला, इंजिनाशी भांडण्यात अर्थ नाही. गाण्याचे शब्द मात्र स्वच्छ.

त्यानं गावाबाहेर एक चक्कर मारली. परत येऊन म्हणाला, “ऐकू येतंय. पण टोळीला काय वाटंल? टेपच न्हाई म्हणतील.” यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. टोळीसाठी, फडात पोचल्यावर गाणी लावायला, मागं एक बॉक्स पाहिजेच असं तो म्हणाला. मी बसवून दिला, पण त्याला वेगळं बटण ठेवलं आणि सांगितलं, रस्त्यावर हे बंद. दरवर्षी हंगाम लागला की पोलीस आणि आरटीओवाले ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावा, टेप मोठ्यानं वाजवू नका असं सांगतात. लोकांना तो नुसता त्रास वाटतो. मागून येणाऱ्या मोटारीचा हॉर्न ड्रायव्हरला ऐकू येत नाही आणि तो एकदम उजवीकडं घेतो, हे मी रस्त्यावर पाहिलं आहे.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सहा वाजता प्रचार थांबला. आमच्या कर्जत-जामखेडची लढत चुरशीची, त्यामुळे रिक्षा आणि जीपवरचे भोंगे गेले पंधरा दिवस थांबले नव्हते. भोंग्याचं यंत्र मात्र विलक्षण: एका वॅटला साध्या स्पीकरच्या कितीतरी पट आवाज, कारण आतल्या छोट्या पडद्याचा जोर तोंडाशी रुंदावत जाणारी नळी हवेला नीट पोचवते. खालचे स्वर त्याला येत नाहीत. भाषणाला ठीक, गाण्याला नको. दहाच्या आत भोंगे बंद हा नियम २००० सालापासून आहे, वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादाही. निवडणुकीत तो पाळला गेला तसा एरवी लग्नसराईत पाळला जाईल तर गावातल्या म्हाताऱ्यांची झोप होईल.

१ डिसेंबर, रविवार

रविवार म्हटला की खर्ड्याच्या किल्ल्याकडं गाड्या. २०२१ मध्ये तिथं ७४ मीटरचा भगवा ध्वज उभा राहिल्यापासून वर्दळ वाढली आहे. माणसं येतात याचा आनंदच आहे. निंबाळकरांचा हा किल्ला आणि १७९५ ची लढाई शाळेच्या पुस्तकात वाचून विसरलेली माणसं निदान बुरुजाला हात लावून जातात. पण भिंतीलगत गाड्या लावून, चारही दारं आणि डिकी उघडून पोरं गाणी वाजवतात, ते पाहवत नाही.

एकाजवळ जाऊन दारं लावायला सांगितली, आत बसूनच. तो चिडला, पण बसला. दारं लावल्यावर बेस एकदम छातीत आला. तो थक्क होऊन माझ्याकडे बघायला लागला. यात जादू नाही. मोटारीची आतली लांबी नऊ-दहा फूट. साधारण ६० हर्ट्झच्या खालच्या स्वरांची निम्मी लाटसुद्धा तिच्यात मावत नाही, तेव्हा बंद डब्यातली हवा नुसती दाबली-सोडली जाते आणि थोड्या वॅटमध्ये खूप बेस मिळतो. दारं उघडली की हा फायदा गेला. मग व्हॉल्यूम वाढव, बॅटरी बसव, दुसरा वुफर आण. पैसे वाया आणि शेजाऱ्याला ताप. खालचे स्वर भिंतीला जुमानत नाहीत, कोपरे वळून जातात, म्हणून लांबच्या घरात गाणं ऐकू जात नाही, फक्त धडधड जाते.

त्याच गाडीत ‘सैराट’ची गाणी होती. शेजारच्या करमाळा तालुक्यातला सिनेमा, नागराज मंजुळे तिथलेच, म्हणून आमच्याकडं २०१६ पासून ती गाणी गाडीगाडीत आहेत. अजय-अतुल यांनी त्यांचं वाद्यवृंदाचं काम लॉस एंजेलिसला सोनीच्या स्टुडिओत केलं होतं. मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद, व्हायोलिनची ओळच्या ओळ. त्या पोराला बेस निम्म्यावर आणायला लावला, ट्रेबल मधे, बॅलन्सचं बटण थोडं डावीकडं, कारण चालवणाऱ्याच्या कानाजवळ उजव्या दाराचा स्पीकर असतो, तो जवळ म्हणूनच त्याला कमी करायचं आणि डाव्याला वाढवायचं. तसं केल्यावर गाणं दारातून उठून काचेसमोर येतं. त्याला व्हायोलिन पहिल्यांदा ऐकू आल्या. म्हणाला, “हे यात होतंच का?” आठ वर्षं त्या गाण्यावर नाचलेल्या पोरानं हे विचारावं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

१६ डिसेंबर, सोमवार

काल रात्री सॅन फ्रान्सिस्कोहून बातमी आली, झाकिर हुसेन गेले. आज दुकानात दिवसभर तबला लावला.

चांगला स्पीकर ओळखायचा तर तबला लावावा, हे मी कायम सांगत आलो. डग्ग्यावर मनगट सरकवून ते जो मिंडीचा आवाज काढायचे, खालून वर चढत जाणारा, तो वाजवताना स्वस्त वुफर उघडा पडतो. असा वुफर एकाच स्वराला घुमतो, त्यामुळं डग्गा कुठंही असो, ऐकू येतो एकच ‘धुम्’. मिंड गायब. दुपारी एक ट्रकवाला बॉक्स घ्यायला आला होता. दोन्ही बॉक्स शेजारी ठेवून तबला ऐकवला. त्याला शास्त्रीय संगीत माहीत नव्हतं, झाकिर हुसेन चहाच्या जाहिरातीतले एवढंच. पण फरक त्यानं लगेच सांगितला: “ह्यो बोलतोय, त्यो नुसता आदळतोय.” मोठा बॉक्स ठेवून छोटा घेऊन गेला.

ड्रायव्हर लोकांना कान नाही, त्यांना नुसता दणका लागतो, असं म्हणणारे बरेच भेटतात. ते साफ खोटं आहे. त्यांना कुणी नीट ऐकवलेलं नसतं.

२४ डिसेंबर, मंगळवार

महंमद रफींची जन्मशताब्दी. २४ डिसेंबर १९२४, अमृतसरजवळचं कोटला सुलतानसिंग. सकाळी रेडिओवर कार्यक्रम होता. इथं अहिल्यानगर आणि बीड, दोन्ही आकाशवाणी केंद्रांच्या मधोमध आपण, आणि बालाघाटाचे डोंगर आडवे. एफएमला डोंगर चालत नाही, त्याला सरळ रेषा लागते. चढावर एक केंद्र येतं, उतारावर खरखर. जुना मीडियम वेव्हचा रेडिओ डोंगराला वळसा घालून यायचा. नव्या सेटमध्ये तो पट्टा असला तरी कुणी लावून बघत नाही. दुपारी मी ७९२ वर पुणे लावून पाहिलं, खरखरीतून माणसाचा आवाज ओळखू येत होता.

रफी ३१ जुलै १९८० ला गेले. आपल्या भागातल्या गाड्यांमध्ये टेप आले ते त्याच्यानंतर. म्हणजे या रस्त्यावर रफी पोचले तेच मुळी गेल्यानंतर, आणि तरी इथल्या ड्रायव्हरांच्या दोन पिढ्यांना ते घरातले वाटतात. श्रीकांत ठाकरे यांनी त्यांच्याकडून मराठी गाणी गाऊन घेतली, ती आजही पेन ड्राइव्हवर भरून मागतात. मला याचं एक कारण आवाजाच्या जागेत दिसतं. रफींचा गळा चढतो तो कानाच्या सगळ्यात तिखट पट्ट्यात, आणि इंजिनाची घरघर राहते कितीतरी खाली. व्हॉल्यूम बेताचा ठेवला तरी शब्दन् शब्द काचेवर उमटल्यासारखा येतो. गाडीसाठी गायलेला गळा तो नव्हे, पण गाडीत त्याच्याइतका कुणी टिकत नाही.

डबल रोडला मोबाईलच्या दुकानात पेन ड्राइव्हमध्ये गाणी भरून देतात. तिथल्या पोराकडं एक यादी द्यायचं ठरवलंय, रफींच्या मूळ रेकॉर्डिंगची. हल्ली भरतात ती ढोलकी-ताशा लावून फुगवलेली, आणि मधे मिक्स करणाऱ्याचं नाव ओरडणारी.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

स्टँडवरचे एक जुने जीपवाले आहेत, सगळे त्यांना तात्या म्हणतात. गेली काही वर्षं आले की एकच मागणं: “ट्रेबल वाढव.” वाढवायला जागा राहिली नाही तेव्हा मला शंका आली. ट्रेबल कमी झाला नव्हता, तात्यांचा कान कमी झाला होता. गोंगाटानं जाणारं ऐकणं आधी चार हजार हर्ट्झच्या आसपास जातं, जिथं ‘स’, ‘श’, ‘फ’ आणि झांज असते. माणसाला वाटतं स्पीकर मंद झाला. तो वाढवतो, कान आणखी जातो.

मागच्या महिन्यात त्यांना मागं लागून तपासणीला धाडलं होतं. आज कागद घेऊन आले. आलेखाची रेघ सुरुवातीला सपाट, मग चार हजारवर खड्डा, पुढं थोडी वर. उजव्या कानाला खड्डा जास्त, खिडकी कायम उघडी ती त्याच बाजूची. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं येणार नाही, राहिलेलं सांभाळा. त्याचा हिशेबही कागदाच्या मागं लिहून दिलेला: ८५ डेसिबल आठ तास चालेल, ८८ असेल तर चार तास, ९१ असेल तर दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी.

तात्या म्हणाले, “आता या कागदापरमानं टेप लावून दे.” त्या पट्ट्यात थोडं उचलून दिलं. पण त्यापेक्षा जीपचा गोंगाट उतरवू असं म्हणालो. सायलेन्सरचा जोड फुटलेला आहे, आधी तो. दारांचे रबर गेलेत. बॉनेटखाली फेल्ट नाही, पायाखाली जाड मॅट नाही. शिवाय रेस दिली की स्पीकरमध्ये ‘सूं’ चढते, ती आल्टरनेटरची. सेटची अर्थ एकीकडं आणि अँपची दुसरीकडं दिलीय, दोन्ही एकाच बोल्टला आणल्या की जाईल. या सगळ्यानं आत पाच-सहा डेसिबल जरी उतरले तरी टेप तेवढाच खाली आणता येईल आणि डॉक्टरांच्या हिशेबानं तात्यांना चौपट वेळ मिळेल.

त्यांचा मुलगा सोबत होता. त्याला नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन पाहिजे, खर्च त्यावर करावा असं त्याचं म्हणणं. १९३० च्या सुमारास अमेरिकेत पॉल गॅल्विन यांनी मोटारीतला मोटोरोला रेडिओ विकायला काढला, तेव्हाही त्यानं ड्रायव्हरचं लक्ष उडेल अशी ओरड झाली होती. रेडिओच्या बाबतीत मला ती ओरड कधी पटली नाही, कारण गाण्याला कान लागतो आणि डोळा रस्त्यावर राहतो. स्क्रीनला डोळा लागतो. साठच्या वेगात दोन सेकंद नजर खाली गेली की जीप तेहतीस मीटर आंधळी जाते. पोराला हे सांगितलं, स्क्रीन बसवायचीच तर गाडी चालू असताना व्हिडिओ दिसणार नाही अशी हँडब्रेकची वायर जोडूनच बसवीन, असंही सांगितलं. ही वायर सेटवाले देतात आणि बसवणारे सर्रास अर्थला टाकून मोकळे होतात.

बापलेकांचं दुकानातच वाजलं. शेवटी तात्या म्हणाले, आधी सायलेन्सर, मग रबर, उरले तर स्क्रीन. उद्या सकाळची पहिली खेप झाली की जीप माझ्याकडं सोडणार आहेत. फेल्ट जामखेडला मिळतं का ते रात्री फोनवर विचारून घेतलं. आहे, साडेतीन मीटर लागेल.